दारापर्यंतची पट्टी

"पट्टी उन्हात टाकलीय, सांजच्याला आठवणीनं आत घे," हे अण्णांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं. माणूस जाणार आहे हे ठाऊक असतं तर मी निदान "हो" तरी नीट म्हटलं असतं. एरवी मी घरूनच काम करते, पण त्या दिवशी हिंजवडीच्या ऑफिसात तोंड दाखवायचं होतं, गाडीची किल्ली सापडत नव्हती, आणि मी नुसतं "हं" करून निघाले. दुपारी नवऱ्याचा, अमोलचा फोन आला. जेवण करून अण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते, बसल्याबसल्याच गेले... हिंजवडीहून आमच्या गावाला, रिह्याला येणारा रस्ता नेहमीसारखाच तुंबलेला होता आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की पट्टी आत घ्यायची आहे. सासरे गेले आणि सुनेच्या डोक्यात काय, तर तागाची पट्टी. घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं आणि पट्टी गडग्यावर तशीच पसरलेली होती. वस्तीतल्या बायका तिला धक्का न लावता तिच्या कडेकडेने उभ्या होत्या.

पट्टी म्हणजे बस्करपट्टी. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलं ओळीने मांडी घालून बसतात ती लांबलचक, पोटऱ्यांना टोचणारी पट्टी. ती आमच्या घरात कशी आली हे सांगायचं तर अण्णांपासूनच सुरुवात करावी लागेल. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रीतीप्रमाणे झाला, लांबून आलेले विद्यार्थी बोलले, रडले, परत गेले. त्यालाही आता बरेच आठवडे झाले. तेव्हा मी काही बोलले नव्हते. मला रडू आलं की राग येतो, आणि रागात मी बोलू नये असं घरात सगळ्यांचं मत आहे.

अण्णा माझे सासरे. गावाला ते गुरुजी. रिह्याच्या बौद्ध वस्तीतून मास्तर झालेला पहिला माणूस. मुळशीच्या डोंगरांतल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांमध्ये त्यांनी अख्खी नोकरी काढली, तीही बहुतेक पायी. त्यांना एक खोड होती. कोणीही नवा माणूस भेटला की विचारायचे, "शाळंत कुटं बसायचास?" पौडच्या कचेरीतल्या कारकुनाला विचारलं, मीटर बघायला आलेल्या वायरमनला विचारलं, आमच्या शेताला लागून फार्महाउस बांधणाऱ्या पुण्याच्या साहेबांनाही विचारलं. साहेब गोंधळून म्हणाले, "मागच्या बाकावर." अण्णा म्हणाले, "वाटलंच." मला बघायला देहूरोडला आले तेव्हा मी शिक्षण, पगार, स्वयंपाक या सगळ्याची उत्तरं घोकून बसले होते. त्यांनी फक्त तेवढंच विचारलं. मी म्हटलं, "खिडकीपाशी. बाहेरचं दिसायचं." ते अमोलकडे वळून म्हणाले, "ही टिकंल आपल्यात." आम्ही सगळे याला मास्तरकीची सवय समजून हसायचो.

विशाखा, आमची मुलगी, शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा आम्ही शहरातला फ्लॅट सोडून रिह्याला अण्णांकडे राहायला आलो. सासूबाई लग्नाआधीच गेल्या होत्या, अण्णा एकटे होते आणि अमोलला भातशेती करायची हौस होती. ती अजून हौसच आहे, पण तो वेगळा विषय. विशाखाला हमरस्त्यावरच्या एका इंग्रजी शाळेत घातलं. पिवळी बस अंधुक उजेडात यायची आणि पोर दुपारी मलूल होऊन परतायचं. ती शाळेत बोलत नाही अशी तक्रार पहिल्या पालकसभेतच आली. मग ती घरीही कमी बोलायला लागली. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या लक्षात आलं, की ही काही हवं असेल तर नुसतं बोट दाखवते. पाणी हवं असलं तरी बोट.

बोलायची ती एकाच वेळी. रोज तिन्हीसांजेला अण्णा भिंतीवरच्या दोन तसबिरींपुढे मेणबत्ती लावत, अगरबत्ती लावत, आणि आम्ही सगळे वंदनेला बसत असू. आमच्या घरात जेवण चुकेल, वंदना चुकायची नाही. त्रिसरण, पंचशील सुरू झालं की ही मुकी पोर अण्णांच्या वर आवाज काढायची, हात जोडून, डोळे गच्च मिटून, एकही अक्षर न गाळता. एकदा मी म्हणता म्हणता थांबले आणि नुसती तिच्याकडे बघत राहिले. जिथे हिचा आवाज फुटतो तिथेच हिने शिकावं, असं माझ्या मनाने तिथल्या तिथे घेतलं. अमोलला पटवायला वेळ लागला नाही, त्याला मी रागावले की सगळं पटतं. आम्ही ठरवलं, काही वर्षं हिला घरीच शिकवायचं.

अण्णांना सांगितलं तेव्हा ते भाकरी खात होते. घास खाली ठेवून म्हणाले, "शाळा सोडायची? आपल्या माणसांनी?" मी म्हटलं, "अण्णा, शिक्षण सोडत नाही, शाळा सोडतोय." ते म्हणाले, "एकच हाय ते." मी म्हटलं एक नाही. ते म्हणाले, "तुला न्हाई कळायचं. तुला सगळं आयतं मिळालं." हे मला झोंबलं. माझे वडील डेपोत ओझी उचलत होते, आयतं कुठलं? मीही तोडून बोलले, तेही बोलले, आणि मग त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. काही सांगायचं असलं तर भिंतीला सांगायचे. "चहात साखर न्हाई वाटतं आज." पौर्णिमेला विहारात गेलो तर वस्तीतल्या शेवंतामावशींनी सगळ्यांदेखत मला गाठलं. "गुरुजींच्या घरची पोर शाळंत न्हाई जात म्हणं? आमच्या पोरी धाडायला ह्यांनी दारोदार फिरून आमाला भांडलं, आन् आता?" मी अण्णांकडे पाहिलं. ते मान खाली घालून चपला शोधत होते, आणि चपला त्यांच्या पायातच होत्या.

मला वाटलं, आता हे काही आपल्याशी बोलत नाहीत. पण माघ सरता सरता एका सकाळी अण्णा पौडला म्हणून गेले आणि दुपारच्या एसटीने एक भलंमोठं भेंडोळं घेऊन उतरले. वस्तीतला एक जण त्याच गाडीत होता, त्याने मागून सगळी हकिकत सांगितली. कंडक्टर म्हणाला, गुरुजी, या सामानाचं तिकीट पडेल. अण्णा म्हणाले, "सामान न्हाई, सबंध वर्ग हाय. ईद्यार्थ्यांची सवलत दे." भेंडोळं उलगडलं तर बस्करपट्टी. ती त्यांनी पडवीत अंथरायला घेतली. आतल्या भिंतीपासून निघाली ती थेट दाराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली. मी म्हटलं, "अण्णा, एका पोरीला एवढी? दुमडून टाकू का?" कितीतरी दिवसांनी ते थेट माझ्याशी बोलले. "घडी घालून वर्ग भरत न्हाई. शाळा भरवायची तर शाळेसारखी भरंल."

आणि भरली. ट्रॅक्टरचा एक गंजका लोखंडी तुकडा त्यांनी पडवीच्या वाशाला टांगला, ती घंटा. घंटा झाली की अण्णा बदलायचे. पांढरा इस्त्रीचा सदरा, आणि बोली एकदम पुस्तकी. "हितं ये" म्हणणारा माणूस "इकडे या, विशाखा, पाटी घ्या" म्हणू लागला. पोर पोट धरून हसायची आणि तेही गंभीर चेहऱ्याने हसू देत. हजेरी तोंडी घ्यायचे. वर्गात एकच नाव म्हणून मग त्यांनी माझंही घातलं. मी आतल्या खोलीत कंपनीच्या मीटिंगमध्ये असायचे, बाहेरून माझं नाव आलं की आवाज बंद करून "हजर" म्हणून ओरडायचे. एकदा आवाज बंद करायला विसरले. आमच्या बंगळुरूच्या साहेबांनी विचारलं, तुम्ही दुसरीकडेही नोकरी करता का? मी म्हटलं, हो, पण तिथे रजा मिळत नाही.

पहिला तास शीलाचा. रोज एक शील, पाठ म्हणून नव्हे, तर त्यावर बोलायचं. 'न दिलेलं घ्यायचं नाही' या शीलावर तर त्यांचे कितीतरी दिवस गेले. फार्महाउसच्या तारेपलीकडे पेरूचं झाड आहे आणि त्याची एक फांदी आमच्या बाजूला आली आहे. विशाखाने विचारलं, तिकडचा पेरू चोरायचा नाही हे कळलं, पण आपल्या बाजूला आपोआप पडलेला? अण्णा विचारात पडले. मला वाटलं होतं, मास्तर लोकांकडे उत्तर तयार असतं. ते म्हणाले, "उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी दोघं तारेपाशी उभे राहून पलीकडच्या वॉचमनला हाका मारत होते. अण्णांचं उत्तर होतं, ओरडून विचारायचं. उत्तरेकडून आलेला तो बिचारा वॉचमन धावत आला, त्याला वाटलं साप निघाला. पेरूचं कळल्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "ले लो ना बाबा, इसमें पूछना क्या." मग दर पेरूमागे हाक. त्या हाका ऐकून त्याची मुलगी पिंकी, विशाखाच्याच वयाची, तारेला नाक लावून उभी राहायला लागली. विशाखा तिच्याशी बोलायची. थोडं मराठी, थोडं टीव्हीवरचं हिंदी, पण बोलायची. माझ्या मुलीचं बोट दाखवणं कधी थांबलं, मला नेमकं सांगता येणार नाही.

पावसाळ्यातली एक सकाळ मात्र नेमकी आठवते. भाताची आवणी उरकली होती, खाचरं हिरवी झाली होती. घंटा झाली आणि विशाखा नेहमीच्या जागी, अण्णांसमोर न बसता पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, दाराशी जाऊन बसली. बाहेर कोंबडीची पिल्लं होती, ती बघायची होती. अण्णा म्हणाले, "इथे पुढे या." ती म्हणाली, "मला इथंच आवडतं." "पुढे या म्हटलं ना." "नाही." मी आतून ऐकत होते, वाटलं आता नेहमीची गंमत सुरू होईल. पण अण्णांचा आवाज चढला, पुस्तकी बोली गळून पडली. "ऊठ तितनं. दारात बसायचं न्हाई. ऊठ म्हंतो ना." पोर रडायला लागली. मी बाहेर आले तर अण्णा छत्री न घेता शेताकडे निघाले होते. दुपारी जेवले नाहीत.

संध्याकाळी वंदना झाल्यावर मेणबत्तीकडे बघत, कोणी न विचारता, त्यांनी सांगितलं. गावच्या शाळेत सगळी पोरं पट्टीवर बसत. अण्णांना दाराशी बसवत, जिथे चपला काढतात तिथे. "पट्टी तितपर्यंत यायचीच न्हाई. भुईवर बसायचो. पाऊस आला की पागोळ्यांचं पानी चड्डीखाली." मास्तर वाईट नव्हते, असंही म्हणाले, शिकवायचे मन लावून, पाटी लांबून तपासायचे. "अक्षर आलं, गणित आलं, पैला नंबर आला. पर शेजारी कोन न्हाई. जोडीला कोन न्हाई... गणित सुटलं तरी सांगायचं कुनाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू पोरीला घरी बसवलीस तवा मला तेच दिसलं. शिकंल ती, तू लई हुशार हायेस. पर एकटीच बसंल. मी बसलोय एकटा. तिला नको ते."

इतके दिवस मी समजत होते, की या माणसाला शाळेचा अभिमान आहे, लोक काय म्हणतील याची भीती आहे. त्यांची भीती एवढी साधी होती. आणि ती एवढी लांब पट्टी, जिला मी दुमडायला निघाले होते... ती त्यांना दारापर्यंत पोचायला हवी होती. मला माझ्या सासऱ्यांबद्दल त्या वेळी जे वाटलं त्याला प्रेमच म्हणतात. ते मी तेव्हा बोलले नाही, आता लिहिते आहे. मी म्हटलं, "अण्णा, शाळेत घालायचं की नाही ते नंतर बघू. पण एकटी नाही बसणार. पट्टी भरू." ते म्हणाले, "शब्द?" मी म्हटलं, "शब्द." विशाखा इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "पण आजोबा, दाराशीच चांगलं असतं. कोण येतंय ते आधी आपल्यालाच दिसतं." अण्णांना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसायला त्यांनी सदऱ्याची बाही वापरली, इस्त्रीच्या सदऱ्याची.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाची मांडणी बदलली. अण्णा स्वतः दाराशी बसायला लागले. पट्टीवर, मांडी घालून, गुडघे कुरकुरत असतानाही. तिथून शिकवायचे, आणि रस्त्याने कोणी दिसलं की शिकवणं सोडून आधी "जयभीम" घालायचे. रविवारी विहारातल्या वंदनेनंतर वस्तीतली मुलं येऊ लागली. शेवंतामावशींची नात आली, मग तिच्या मागोमाग खुद्द शेवंतामावशी, म्हणे नात काय शिकते ते बघायला. रविवारी पट्टी अर्धी तरी भरायची. बाकीचे दिवस विशाखा एकटी, म्हणजे अण्णा आणि ती. अण्णा रोज तास सुटला की पट्टी झटकत आणि माझ्याकडे बघून म्हणत, "जागा हाय अजून." मी म्हणायचे, "भरेल हो." पिंकीला बोलावून पाहिलं होतं. तिची आई म्हणाली, हमारी को वहाँ कौन बैठने देगा, मालिक लोगों का घर है. आमचं घर मालिक लोकांचं, हे ऐकून अण्णा पट्टीची कड सरळ करत राहिले. मग म्हणाले, "तिची तिला येऊ दे. दार लावू नका म्हंजे झालं." भात कापून झालं, झोडपून झालं, थंडी आली, पट्टीला उन्हं दाखवायचा दिवस आला... आणि अण्णा गेले.

त्या संध्याकाळी सगळं आटोपल्यावर मी पट्टी आत घेतली, गुंडाळली आणि भिंतीशी उभी करून ठेवली. तिला उन्हाचा वास येत होता. बरेच दिवस ती तशीच उभी होती. विशाखा वंदनेला बसायची, पण आवाज खाली गेला होता, आणि मला आतून धाकधूक, की बोटं परत सुरू होतात की काय. अमोल म्हणाला, सरळ शाळेत घालू आता. मी म्हटलं, घालूही, पण अण्णांना मी एक शब्द दिलाय. तो म्हणाला, ते गेले ना गं. मी म्हटलं, मी आहे ना.

मग एका सकाळी मी मीटिंगमध्ये असताना ट्रॅक्टरचा तुकडा वाजला. बाहेर येऊन बघते तर विशाखाने एकटीने पट्टी ओढत, वाकडीतिकडी का होईना, उंबऱ्यापर्यंत अंथरली होती. स्वतः मध्यावर बसली होती. दाराकडचं टोक मोकळं. मी तिथे बसायला गेले तर म्हणाली, "तिथं नाही आई, ती आजोबांची जागा." मी आपली भिंतीकडे सरकले. पुढे काही दिवस असंच चाललं. सकाळी मी थोडं शिकवायचे, अमोल गणित घ्यायचा, आणि दाराची जागा कोणाला मिळायची नाही. शेवंतामावशीसुद्धा चुकून तिथे टेकल्या तर त्यांना उठवलं गेलं, आणि त्या उठल्या.

परवा घंटा झाली, आणि दारात सावली पडली. पिंकी. डोक्याला तेल चोपडून, दोन वेण्या घालून, आईने तयार करून पाठवलेली दिसत होती. हातात दोन पेरू. चपला काढून ती तिथेच उभी राहिली, आणि मग चपलांशेजारी, उंबऱ्याच्या बाहेर, भुईवर बसली. कोणी सांगितलं नव्हतं. मी उठणार, तेवढ्यात विशाखा उठली. दारापर्यंत गेली आणि तिच्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "कहाँ बैठेगी?" पिंकीने भुईकडे बोट दाखवलं, नुसतं बोट. विशाखा म्हणाली, "वहाँ नहीं. वहाँ पट्टी नहीं है." तिने तिचा हात धरून तिला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि अण्णांच्या जागेवर बसवलं. मग स्वतःची पाटी उचलून आणली आणि तिला लागून बसली. "यहाँ से सब दिखता है," म्हणाली. दोघींनी एकेक पेरू खाल्ला, आणि तास सुरू व्हायला उशीर झाला.

येत्या जूनमध्ये विशाखाला गावच्या शाळेत घालायचं की घरीच शिकवायचं हे अजून ठरलेलं नाही. या वेळी तिला विचारूनच ठरवू. रोज संध्याकाळी मी पट्टी झटकते, आणि अण्णांच्या सवयीने पडवीचं दार उघडंच ठेवते. जागा आहे अजून.